जुन्या लॅपटॉपचं ग्राफिक्स कार्ड बदलायचंय? खोलण्याआधी हे वाचा

बहुतेक जण आधी कार्ड विकत घेतात आणि ते आपल्या लॅपटॉपमध्ये बसेल का, हे नंतर विचारतात. मग मुंबईच्या लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून आणलेलं कार्ड घरात पडून राहतं. बसलंच तर पडदा काळा राहतो, आणि पडदा उजळला तरी दहा मिनिटांत मशीन तापून बंद पडतं. प्रत्यक्ष अदलाबदल तास-दीड तासाची आहे. ती जमणार की फसणार, हे त्याआधीच्या तपासणीवर ठरतं. म्हणून खालच्या पायऱ्या दिलेल्या क्रमानेच करा. पहिल्या तीन पायऱ्यांत कुठेही उत्तर ‘नाही’ आलं, तर तिथेच थांबा आणि पैसे वाचवा.

१. कार्ड मुळात सुटं आहे का?

बहुतेक लॅपटॉपमध्ये ग्राफिक्स चिप मदरबोर्डवरच सोल्डर केलेली असते. ती बदलता येत नाही. दुकानदार ‘चिप लेव्हल करून देतो’ म्हणाला, तरी तो त्याच जातीची चिप पुन्हा बसवणार, वरच्या जातीची नाही.

सुटं कार्ड असतं ते एमएक्सएम पद्धतीच्या स्लॉटमध्ये. लॅपटॉपच्या सुट्या ग्राफिक्स कार्डांच्या ठरलेल्या मापाचं आणि जोडणीचं हे नाव. डेलच्या प्रिसिजन एम४८००, एम६७०० आणि एम६८००, एचपीच्या एलीटबुक ८५७०डब्ल्यू आणि ८७७०डब्ल्यू, पहिल्या दोन पिढ्यांतल्या झेडबुक १५ आणि १७, एमएसआयच्या जीटी६० आणि जीटी७०, एलियनवेअरच्या एम१७एक्स आणि एम१८एक्स या मशीनमध्ये असा स्लॉट आहे. ऑफिसांतून लीज संपून निघालेली प्रिसिजन आणि झेडबुक मुंबईच्या सेकंडहँड बाजारात बरीच येतात. अल्बम डिझाइन करणारे, थ्रीडी शिकणारे आणि इंजिनिअरिंगचे विद्यार्थी ती घेतात.

‘वर्कस्टेशन’ लिहिलंय म्हणजे कार्ड सुटंच असेल, असं धरू नका. थिंकपॅड डब्ल्यू५३० आणि डब्ल्यू५४० वर्कस्टेशनच आहेत, पण त्यांची चिप सोल्डर केलेली आहे. डेलने प्रिसिजन ७५३० आणि ७७३० पासून एमएक्सएम सोडून स्वतःच्या मापाचं कार्ड आणलं. ते सुटं असलं तरी त्यात बाजारातलं एमएक्सएम कार्ड बसत नाही.

खात्रीचा मार्ग म्हणजे कंपनीचं सर्व्हिस मॅन्युअल. डेल आणि एचपी दोघांच्याही साइटवर ते फुकट मिळतं. त्यात ‘व्हिडिओ कार्ड काढणे’ किंवा ‘ग्राफिक्स बोर्ड’ असं वेगळं प्रकरण असेल तर कार्ड सुटं आहे. फक्त ‘सिस्टिम बोर्ड’ असेल तर नाही.

*तपासणी: मॅन्युअलची पीडीएफ मोबाइलवर उतरवून ठेवलीत का? लॅपटॉप खोलल्यावर ती लॅपटॉपवर बघता येणार नाही.*

२. माप, वॅट आणि हीटसिंक

एमएक्सएम ३.० कार्डाची दोन मापं आहेत. टाइप ए ८२ बाय ७० मिलिमीटरचं, टाइप बी ८२ बाय १०५ मिलिमीटरचं. एम४८०० किंवा झेडबुक १५ मध्ये टाइप ए बसतं. एम६८०० किंवा झेडबुक १७ मध्ये टाइप बी. टाइप बी कार्ड लहान जागेत जात नाही आणि त्याला दुसरा इलाज नाही. त्याआधीच्या पिढीतली एमएक्सएम २ कार्डं तर ३.० च्या स्लॉटमध्ये चालतच नाहीत.

मग वॅट. टाइप ए साधारण ५५ वॅटपर्यंत, टाइप बी १०० वॅटपर्यंत, अशी या मापांची मर्यादा धरली जाते. क्वाड्रो के११००एम ४५ वॅट घेतं, के२१००एम ५५ वॅट. एम६८०० मधलं के३१००एम ७५ वॅट आणि के५१००एम १०० वॅट. एम४८०० ला १८० वॅटचा अॅडॅप्टर येतो, एम६८०० ला २४० वॅटचा. सेकंडहँड मशीनसोबत दुकानदार बऱ्याचदा हाताला लागेल तो अॅडॅप्टर देतो. त्यामुळे अॅडॅप्टरच्या मागचं लेबल वाचा. व्होल्ट आणि अँपिअर यांचा गुणाकार म्हणजे वॅट. १९.५ व्होल्ट आणि ६.७ अँपिअर असं असेल तर तो १३० वॅटचा आहे. मोठं कार्ड त्यावर लोड येताच मंद होईल, आणि दोष मात्र कार्डावर येईल.

तिसरी गोष्ट हीटसिंक, म्हणजे चिपची उष्णता ओढून घेणारा धातूचा भाग. सगळ्यात जास्त लोक इथे अडकतात. माप तेच असलं तरी दोन कार्डांवर चिप, मेमरी आणि पॉवरचे भाग वेगवेगळ्या जागी असतात. तुमच्या हीटसिंकची तांब्याची पट्टी नव्या कार्डाच्या चिपवर नीट टेकते का? चिपभोवतीच्या चार भोकांमधलं अंतर जुळतं का? मेमरीच्या चौकटींवर हीटसिंक पोचतो का? जुन्या आणि नव्या कार्डाचे दोन्ही बाजूंचे फोटो शेजारी ठेवून बघा. एकाच मशीनसाठी कंपनीने दोन-तीन कार्डं दिली असतील, तर त्यांचे हीटसिंकही कधीकधी निराळे असतात. अशा वेळी कार्ड हीटसिंकसकट घेणं हाच शहाणपणा.

माझं मत स्पष्ट आहे. पहिल्यांदा करत असाल तर त्याच मॉडेलसाठी कंपनीने दिलेलं सगळ्यात वरचं कार्ड घ्या. एम४८०० मध्ये के११००एम असेल तर के२१००एम. एम६८०० मध्ये के३१००एम असेल तर के५१००एम. पुढच्या पिढीचं एम२०००एम किंवा जीटीएक्स ९७०एम जास्त वेगवान आहे हे खरं, पण त्यासोबत बायोस (मशीन सुरू करणारं मुळातलं सॉफ्टवेअर) आणि ड्रायव्हरचं सगळं ओझं तुमच्या अंगावर येतं.

३. पडद्यापर्यंतचा रस्ता

कार्ड बसतं, पंखा फिरतो, दिवे लागतात, पण पडदा काळाच. या तक्रारीचं मूळ बहुतेक वेळा इथे असतं.

ग्राफिक्स कार्डावर स्वतःचा छोटा बायोस असतो, त्याला व्हीबायोस म्हणतात. लॅपटॉपचा पडदा थेट कार्डाशी जोडलेला असेल, तर त्या व्हीबायोसला तो पडदा ओळखता यावा लागतो. डेलसाठी बनवलेलं कार्ड एचपीमध्ये घातलं तर ही ओळख पटेलच असं नाही. पण पडदा प्रोसेसरमधल्या इंटेल ग्राफिक्समार्फत चालत असेल, तर नवं कार्ड फक्त मागून चित्र तयार करून देतं आणि ही अडचण टळते. एन्व्हिडिया या पद्धतीला ऑप्टिमस म्हणते. डेलच्या बायोसमध्ये ही सोय ‘स्विचेबल ग्राफिक्स’ या नावाने दिसते.

म्हणून बायोस उघडून हे खूण करायचं घर आहे का, ते आधी बघा. काही मशीनमध्ये ही सोय पडद्यावर अवलंबून असते. एलियनवेअर एम१७एक्स आर४ चा १२० हर्ट्झचा पडदा थेट कार्डावरच चालतो, साधा ६० हर्ट्झचा पडदा इंटेलवर चालू शकतो. मॉडेल एकच असूनही एका मशीनमध्ये जमलेलं दुसऱ्यात जमत नाही, ते यामुळे.

*थांबा: मशीनमध्ये स्विचेबल ग्राफिक्स नाही आणि घ्यायचं कार्ड दुसऱ्या कंपनीच्या लॅपटॉपमधून काढलेलं आहे, असं असेल तर ते घेऊ नका.*

एक हिशेब इथेच करून टाका. एन्व्हिडियाने केप्लर या जुन्या पिढीच्या लॅपटॉप जीफोर्स कार्डांचे नवे ड्रायव्हर २०१९ मध्येच थांबवले. जीटीएक्स ९७०एम आणि ९८०एम त्यानंतरच्या मॅक्सवेल पिढीतली. त्यांच्यासाठी ५८० ही ड्रायव्हरची शेवटची शाखा आहे. शिवाय या जुन्या मशीनमधले प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत नाहीत आणि विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. फोटोशॉप, ऑटोकॅड, जुने गेम, ब्लेंडरची जुनी आवृत्ती एवढंच काम असेल तर खर्च वसूल होईल. नव्या सॉफ्टवेअरसाठी असेल तर तेच पैसे पुढच्या लॅपटॉपसाठी बाजूला टाका.

४. कार्ड विकत घेताना

अलीएक्सप्रेसवर भारतात नोव्हेंबर २०२० पासून बंदी आहे. त्यामुळे मुंबईत मिळणारी एमएक्सएम कार्डं मुख्यतः मोडीत काढलेल्या लॅपटॉपमधली असतात. ग्रँट रोड स्टेशनला पूर्वेकडे उतरलात की लॅमिंग्टन रोड चालत थोड्याच अंतरावर आहे. रविवारी बहुतेक दुकानं बंद असतात, म्हणून आठवड्यातल्या दिवशी दुपारी जा. संध्याकाळच्या गर्दीत दुकानदार कार्ड लावून दाखवायला वेळ देणार नाही.

कार्ड हातात घेतल्यावर उजेडात तिरपं धरा. चिपच्या कडेला पिवळट किंवा तपकिरी चिकट डाग दिसला तर तो फ्लक्स आहे. म्हणजे मेलेली चिप गरम हवेने तापवून जिवंत केलेली आहे. आसपासच्या बोर्डाचा रंग करपट असेल, चिपच्या कडेचे चिमुकले कपॅसिटर वाकडे असतील किंवा एखाद्याची जागा रिकामी असेल, तरीही तोच अर्थ. अशी कार्डं दुकानात व्यवस्थित चालतात आणि नंतर कधीही मान टाकतात. सोनेरी पट्ट्यांवर हिरवट छटा असेल तर ती गंजाची. आपल्या खाऱ्या, दमट हवेत पडून राहिलेल्या मालावर ती दिसतेच.

जमलं तर स्वतःचा लॅपटॉप सोबत न्या आणि तिथेच लावून बघा. दुकानदार ‘टेस्टिंग वॉरंटी’ म्हणाला, तर किती दिवसांची ते बिलावर लिहून घ्या, कार्डाच्या नंबरासकट. तोंडी वॉरंटी धरू नका.

आणताना कार्ड चंदेरी अँटिस्टॅटिक पिशवीत आणि वरून कडक डब्यात. वर्तमानपत्रात गुंडाळून बॅगेत टाकलेलं कार्ड लोकलच्या गर्दीत दाबलं गेलं, की चिपखालचे टाके तुटू शकतात आणि वरून काहीच दिसत नाही.

५. जुनं कार्ड चालू असतानाच करायची कामं

ही पायरी लोक सर्रास गाळतात. नवं कार्ड बसवल्यावर पडदाच आला नाही, तर यातलं एकही काम करता येणार नाही.

पहिलं, महत्त्वाच्या फाइलींचा बॅकअप. मग बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कला लावायचं कुलूप, चालू आहे का बघा. चालू असेल तर तो तात्पुरता थांबवा आणि रिकव्हरी की कागदावर उतरवा. बायोसमध्ये बदल होताच विंडोज ती मागू शकतं.

नंतर मशीनचा बायोस कंपनीच्या साइटवरून ताजा करा, बॅटरी आणि चार्जर दोन्ही लावून. जीपीयू-झेड या छोट्या सॉफ्टवेअरने जुन्या कार्डाचा व्हीबायोस पेनड्राइव्हवर साठवा. नव्या कार्डाचा ड्रायव्हर आणि डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर त्याच पेनड्राइव्हवर घ्या. वायफाय बंद करून सेफ मोडमध्ये जुना ड्रायव्हर पूर्ण काढून टाका, नाहीतर विंडोज अपडेट तोच पुन्हा बसवून मोकळं होईल.

शेवटी सोय असेल तर बायोसमध्ये स्विचेबल ग्राफिक्स चालू करा आणि लॅपटॉप एकदा इंटेलवर सुरू होतो का, ते बघा.

*तपासणी: बायोसमध्ये बूट मोड, म्हणजे मशीन सुरू होण्याची पद्धत, यूईएफआय आहे की लेगसी, याचा मोबाइलवर फोटो काढा. आहे तो मोड बदलू नका. बदललात तर बसवलेलं विंडोज सुरूच होणार नाही, आणि तुम्ही मात्र कार्डात दोष शोधत बसाल.*

६. खोलणं

लागणारं सामान: पीएच० आणि पीएच१ चे चांगले स्क्रू ड्रायव्हर, बाद झालेलं एटीएम कार्ड, चिमटा, ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल, धागे न सुटणारं कापड, थर्मल पेस्ट, आणि अर्धा, एक आणि दीड मिलिमीटर जाडीचे थर्मल पॅड. मेडिकलमध्ये मिळणारं सर्जिकल स्पिरिट वापरू नका, त्यात पाणी आणि इतर द्रव्यं असतात.

जेवणाच्या टेबलावर सुती चादर पसरा. गादीवर किंवा सोफ्यावर बसून हे काम करू नका. मुंबईच्या दमट हवेत स्थिर वीज कमी साठते, पण तासन्‌तास एसी चालू असलेल्या खोलीत हवा कोरडी होते. कार्डाला हात लावण्याआधी नळाच्या धातूला किंवा खिडकीच्या ग्रिलला स्पर्श करा. लॅपटॉप एसीच्या खोलीतून बाहेरच्या दमट हवेत आणला असेल, तर अर्धा तास तसाच ठेवा. गार धातूवर बाष्प धरतं.

चार्जर काढा, बॅटरी काढा आणि पॉवरचं बटण पंधरा-वीस सेकंद दाबून धरा. उरलासुरला करंट निघून जातो.

स्क्रूंसाठी भिंतीवरच्या जुन्या कॅलेंडरचं एक पान घ्या. तारखांच्या चौकटींवर दुहेरी चिकटपट्टी लावा. पहिल्या टप्प्यात निघालेले स्क्रू १ तारखेच्या घरात, दुसऱ्या टप्प्यातले २ तारखेच्या घरात. जोडताना तारखा उलट्या मोजत यायच्या. लांब स्क्रू आखूड जागी गेला तर तो थेट मदरबोर्डात घुसतो, म्हणून ही शिस्त हवीच.

काही मशीनमध्ये खालचं झाकण काढलं की कार्ड समोरच दिसतं. काहींत कीबोर्ड आणि पामरेस्टही काढावे लागतात. तिथे मॅन्युअलचाच क्रम पाळा. रिबन केबलची खटकी नखाने उचलायची असते, केबल ओढायची नसते.

७. जुनं कार्ड काढणं, नवं बसवणं

हीटसिंकवर स्क्रूंशेजारी १ ते ४ आकडे कोरलेले असतात. सोडवताना उलट क्रमाने, प्रत्येक स्क्रू अर्धा-अर्धा फेरा. जुनी पेस्ट वाळून घट्ट झालेली असेल तर हीटसिंक सरळ वर ओढू नका. आडवा हलकेच फिरवा, मग तो सुटतो.

कार्डाचे एक-दोन स्क्रू निघाले की त्याची कड आपोआप थोडी वर येते. त्याच तिरप्या कोनात ते स्लॉटमधून बाहेर काढा. मागच्या बाजूला फुलीच्या आकाराची धातूची पट्टी असेल तर ती जुन्या कार्डावरून नव्यावर न्या. फुलीखालची काळी इन्सुलेशनची चकती विसरलात, तर धातू थेट बोर्डाला टेकेल आणि शॉर्ट होईल.

नवं कार्डही तिरपंच सरकवा. नीट बसलं की सोनेरी पट्टीची फक्त बारीक, सगळीकडे सारख्या रुंदीची रेघ दिसते. एका टोकाला रुंद आणि दुसऱ्याला अरुंद दिसली, तर कार्ड वाकडं गेलंय. ते बाहेर काढून पुन्हा सरकवा. खाली दाबणं आणि स्क्रू लावणं त्यानंतरच.

८. पेस्ट आणि पॅड

यात घाई केलीत तर मागची सगळी मेहनत पाण्यात जाईल.

चिप आणि हीटसिंक दोन्ही अल्कोहोलने चकचकीत होईपर्यंत पुसा. चिपवर पेस्ट, मेमरी आणि पॉवरच्या भागांवर पॅड. जिथे पॅड होता तिथे पेस्ट लावून भागवू नका, तिथल्या फटीसाठी पेस्ट पुरत नाही. पॅडची जाडी जुन्या पॅडच्या न दबलेल्या कडेवरून ठरवा.

आता एक चाचणी करा. चिपवर पेस्टचा पातळ थर द्या, हीटसिंक ठेवून चारही स्क्रू क्रमाने घट्ट करा आणि पुन्हा उघडा. चिपच्या पूर्ण पृष्ठभागाचा ठसा हीटसिंकवर उमटलाय का? अर्ध्याच भागाचा ठसा असेल, तर कुठला तरी पॅड जाड आहे आणि तो हीटसिंक उचलून धरतोय. चिपवर पेस्ट लावली तशीच राहिली आणि हीटसिंक कोराच असेल, तर तो टेकलेलाच नाही. पॅडवरही मेमरीच्या चौकटीचा हलका खळगा दिसायला हवा. जाडी बदला आणि ठसा नीट येईपर्यंत पुन्हा करा. मग सगळं पुसून ताजी पेस्ट लावा, कारण एकदा उघडलेल्या थरात हवा राहते.

हीटसिंक खोलला आहेच, तर पंख्यातला आणि जाळीमागचा धुळीचा थरही काढून टाका. पंखा बोटाने धरून ब्रशने साफ करा. हवेच्या झोताने तो भरमसाट फिरू देऊ नका.

९. पहिल्यांदा चालू करणं

सगळे स्क्रू लावण्याआधी कीबोर्ड, पडदा आणि पंखा यांच्या केबल जोडून एकदा चालू करून बघा. पहिल्या वेळी नेहमीपेक्षा जास्त वेळ लागू शकतो. एक-दोन मिनिटं वाट बघा.

पडदा काळा असेल तर बाहेरचा मॉनिटर लावा. त्यावर चित्र आलं तर कार्ड जिवंत आहे, अडचण तिसऱ्या पायरीतली आहे. डेलच्या मशीनमध्ये सहा बीप म्हणजे ग्राफिक्स कार्डाची तक्रार, आठ बीप म्हणजे पडद्याची. काहीच झालं नाही तर वीज तोडून कार्ड पुन्हा सरकवा. तरीही नाही तर जुनं कार्ड लावा. जुन्यावर मशीन चालू झालं, तर मदरबोर्ड सुखरूप आहे आणि वॉरंटीच्या मुदतीत नवं कार्ड परत करायला तुम्ही मोकळे.

*थांबा: अशा वेळी कार्डाचा व्हीबायोस बदलून बघायचा मोह होतो. बायोस रायटर (चिपवर थेट बायोस लिहिणारं उपकरण) हाताशी असल्याशिवाय तो करू नका. चुकीचा व्हीबायोस गेला तर कार्ड दुकानदारही परत घेणार नाही.*

१०. ड्रायव्हर

त्याच मॉडेलसाठी दिलेलं कार्ड असेल तर ड्रायव्हर सरळ बसतो. दुसरं असेल तर एन्व्हिडियाचा इन्स्टॉलर ‘सुसंगत हार्डवेअर सापडलं नाही’ म्हणून थांबतो. कार्ड खराब आहे असं समजून लोक ते परत करायला निघतात. खरं कारण एवढंच, की तुमचं मशीन आणि हे कार्ड ही जोडी ड्रायव्हरच्या यादीत नाही.

डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डाच्या प्रॉपर्टीजमध्ये हार्डवेअर आयडी दिसतो. ड्रायव्हरच्या आयएनएफ फाइलमध्ये, म्हणजे कुठली कार्डं चालतात त्याच्या यादीत, त्याच कार्डाची एखादी ओळ शोधून तिच्यातला शेवटचा, मशीनची ओळख सांगणारा भाग तुमच्या आयडीप्रमाणे बदलावा लागतो. फाइल बदलली की तिची डिजिटल सही मोडते, म्हणून विंडोजच्या स्टार्टअप सेटिंग्जमधून ७ दाबून सहीची सक्ती त्या एका वेळेपुरती बंद करायची आणि ड्रायव्हर बसवायचा. मूळ ड्रायव्हर फाइलींवर एन्व्हिडियाची सही असतेच, त्यामुळे पुढच्या वेळी मशीन नेहमीसारखं सुरू होतं. ‘तयार बदललेली’ फाइल कुठून तरी उतरवू नका. हा बदल स्वतः करा.

११. तापमान

जीपीयू-झेड उघडा. मेमरी आणि नाव सांगितल्याप्रमाणे आहे का ते बघा. मग एखादा गेम किंवा रेंडर वीस मिनिटं चालवा आणि तापमानाच्या आकड्यावर नजर ठेवा. पहिल्या दोन मिनिटांतच ९० च्या पुढे गेलं, तर लगेच बंद करून आठव्या पायरीवर परत जा. हीटसिंक नीट टेकलेला नाही. हळूहळू चढून ८० च्या आसपास स्थिरावलं, तर मुंबईच्या उन्हाळ्यात तेही चांगलंच. ही चाचणी एसीत करून समाधान मानू नका. ज्या खोलीत रोज काम करता, तिथेच दुपारी करा.

पंखा कार्डाच्या तापमानासोबत वेग वाढवतो का, हेही ऐका. दुसऱ्या कंपनीच्या कार्डाचं तापमान मशीनला कधीकधी वाचता येत नाही. मग पंखा निवांत फिरत राहतो आणि कार्ड भाजत राहतं. डेलच्या काही मॉडेलमध्ये एचडब्ल्यूइन्फो या सॉफ्टवेअरमधून पंख्याचा वेग हाताने ठेवता येतो. तेही जमत नसेल तर ते कार्ड त्या मशीनमध्ये ठेवू नका.

बिटलॉकर थांबवला असेल तर आता परत चालू करा. जुनं कार्ड अँटिस्टॅटिक पिशवीत, सिलिका जेलच्या पुडीसकट जपून ठेवा आणि वॉरंटीची मुदत संपेपर्यंत ते विकू नका.